कडता

मावशींनी परत केलेली पन्नासची नोट अजून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. खर्च करायला हात धजत नाही, आणि ठेवून तरी काय करायचं तेही कळत नाही. दिवाळी झाली की मी चार दिवस माहेरी, वऱ्हाडात जाते. तेव्हा वावरात वेचणी चालू असते. यंदाही होती. अकरा बाया होत्या. सकाळी दव असतानाच त्या तासांत शिरतात, कमरेला ओटी बांधून, आणि दिवसभर दोन्ही हातांनी वेचत राहतात. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला लागतात. तिथली कातडी फाटते, सुकते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा फाटते. लहानपणी मी हौसेने एक दिवस वेचायला गेले होते आणि संध्याकाळी बोटं दुखतात म्हणून जेवण आजीच्या हातून जेवले होते. तर त्या दिवशी साडेपाचला गाठोडी धुऱ्यावर रांगेने लागली. बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला, काका बाजेवर वही घेऊन बसलेले, मी त्यांच्या मागे चहाचा कप घेऊन उभी. एका मावशींनी गाठोडं आकड्याला लावलं. काटा खाली गेला, थरथरला, आणि साडेतेवीसवर थांबला. मी नीट पाहिलं. काका म्हणाले, "एकवीस," आणि वहीत लिहिलं. मावशी काट्याकडेच बघत राहिल्या तेव्हा ते म्हणाले, "दव हाय त्यात. अन् मातीबी." दिवसभर उन्हात राहिलेल्या कापसात संध्याकाळी साडेपाचला दव कुठलं? पण कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पुढचं गाठोडं लागलं.

दहा रुपये किलोने अडीच किलोचे पंचवीस रुपये होतात. बाया वाटेला लागल्यावर मी मागून गेले, मावशींना गाठलं आणि पन्नासची नोट त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी नोट पाहिली, मग मला.

"हे कायचे, ताई?"

"असेच. ठेवा."

"असे नाई पायजे. वजनाचे असतीन तं वहीत लिवा."

आणि नोट माझ्या तळव्यावर ठेवून त्यांनी वरून माझी बोटं मिटली. त्यांच्या बोटांचा खरखरीतपणा अजून आठवतो.

त्या रात्री झोप लागेना म्हणून सोबत नेलेलं पुस्तक उघडलं. 'आर्मी लाइफ इन अ ब्लॅक रेजिमेंट', काळ्या शिपायांच्या पलटणीतल्या दिवसांवर तिच्या गोऱ्या कर्नलने लिहिलेलं. त्याचं, थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हे नाव माझ्या ओळखीचं होतं, पण वेगळ्या कारणाने. गेली पंधरा वर्षं मी कॉलेजात इंग्रजी कविता शिकवते. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन शिकवायची म्हणजे हिगिन्सन येतोच. १८६२ च्या एप्रिलमध्ये तिने या अनोळखी माणसाला चार कविता पाठवल्या आणि विचारलं, माझ्या कवितेत जीव आहे का? त्याला ती कविता पेलली नाही. घाई करू नका, असं काहीसं त्याने सुचवलं. तिच्या मृत्यूनंतर १८९० साली तिचा पहिला संग्रह संपादित करणाऱ्या दोघांपैकी एक तोच, आणि त्या संग्रहात यमकं, विरामचिन्हं ठाकठीक करण्याचा दोषही त्याच्याकडे जातो. वर्गात हा भाग आला की पोरं हसतात. मी त्यांना हसू दिलं आहे. १८६२ च्या एप्रिलमध्ये ते पत्र वाचणारा हा माणूस त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स सोडून दक्षिण कॅरोलायनात, कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसांच्या पलटणीचा कर्नल व्हायला गेला, हे मी वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जायचे. डिकिन्सनने मात्र ते एका वाक्यात सोडलं नाही. त्याच्या छावणीच्या पत्त्यावर तिने लिहिलं की तुम्ही असे अशक्यप्राय होण्याआधी मला तुम्हाला भेटायचं होतं. पाद्र्याचा सैनिक झालेला पाहून तिला नेमकं काय वाटलं असेल, याचा मी पूर्वी कधी विचारच केला नव्हता.

पाद्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यापासून हा बराच लांबचा. तो युनिटेरियन. आपल्याकडे हे नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांमुळे माहीत असतं. ऑक्सफर्डला ते याच पंथाच्या मदतीने शिकायला गेले होते. कर्मकांड कमी, विवेकबुद्धीवर भर. १८४७ साली तेवीस वर्षांचा हिगिन्सन न्यूबरीपोर्ट नावाच्या बंदराच्या गावात धर्मोपदेशक झाला. समोरच्या बाकांवर गलबतांचे मालक आणि कापड गिरण्यांचे भागीदार बसायचे. त्यांच्या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. त्यांना हा तरुण व्यासपीठावरून दर रविवारी गुलामगिरीबद्दल ऐकवू लागला. दोन वर्षांत त्याला तिथून जावं लागलं. पुढे वूस्टरमध्ये त्याला मनासारखी मंडळी भेटली, मोकळ्या विचारांची. तिथे तो दहाएक वर्षं टिकला. १८५५ साली ल्यूसी स्टोन आणि हेन्री ब्लॅकवेल यांचं लग्न त्याने लावलं. नवऱ्याला बायकोवर मालकी देणाऱ्या कायद्याचा निषेध वधूवरांनी त्या लग्नातच वाचून दाखवला होता. हे वाचताना मला सत्यशोधक पद्धतीने झालेल्या लग्नांची आठवण आली. आमच्या घराण्यात असं एकही झालेलं नाही.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली रात्र म्हणजे २६ मे १८५४. अँथनी बर्न्स नावाचा व्हर्जिनियातून पळून आलेला गुलाम बोस्टनमध्ये पकडला गेला होता. पळून आलेल्यांना मालकाकडे परत धाडणं हा तेव्हा देशाचा कायदाच होता, आणि बर्न्सला कोर्टाच्या इमारतीतच कोंडलं होतं. शहरात सभा भरली. सभेतल्या गर्दीने ऐन वेळी कोर्टाकडे धावायचं असं ठरलं होतं. ते नीट जमलं नाही. तरी काही माणसं एक लांब तुळई घेऊन दारावर धडकली. तुळईच्या पुढच्या टोकाला हिगिन्सन होता. दार फुटलं. आत आधी एक काळा माणूस घुसला, त्याच्या पाठोपाठ हा. आतल्या शिपायांनी दंडुके चालवले, कुणाची तरी तलवार हिगिन्सनच्या हनुवटीवर लागली. तो व्रण आयुष्यभर राहिला. त्या झटापटीत जेम्स बॅचेल्डर नावाचा पहारेकरी मेला. बर्न्स सुटला नाही. आठवड्याभराने, २ जूनला, लष्कराच्या पहाऱ्यात त्याला बंदराकडे नेलं. दुतर्फा हजारो लोक उभे होते, इमारतींवर काळे पडदे लावले होते. नंतर काही लोकांनी वर्गणी काढून, पैसे मोजून त्याला सोडवलं.

त्या बॅचेल्डरपाशी मी अडखळते. तोही कुणीतरी रोजंदारीने पहाऱ्याला ठेवलेला माणूस. एका माणसाला सोडवायला गेलेल्या जमावाकडून दुसरा मेला, आणि जमावात पुढे धर्मोपदेशक. हिगिन्सन त्या रात्रीने खचला नाही. ४ जूनच्या रविवारी चर्चमध्ये तो बर्न्सबद्दलच बोलला. पुढे कान्ससला गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांना बंदुका पोचवायला गेला. गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राउनला छुपी मदत करणाऱ्या सहा जणांत तो होता. १८५९ च्या ऑक्टोबरात ब्राउनचा हार्पर्स फेरीचा उठाव फसल्यावर त्यातल्या बहुतेकांनी कागद जाळले, कुणी सीमा ओलांडून कॅनडात गेलं. हा घरीच राहिला. मी ब्राउनच्या बाजूचा आहे, हे लपवायला त्याने नकार दिला. असा माणूस मला आवडतो की त्याची भीती वाटते, हे मला ठरवता येत नाही. माझ्या हातात तुळई कुणी दिली असती तर मी मागच्या टोकाला तरी गेले असते का? अडीच किलोसाठी तोंड उघडलं नाही त्या बाईने हा प्रश्न विचारावा का, असंही त्या रात्री वाटलं.

मग गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध आलं. १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने दक्षिण कॅरोलायनातलं पोर्ट रॉयल जिंकलं. तिथल्या बेटांवरचे मळेवाले घाईघाईने पळाले. मागे राहिली त्यांची घरं, शेतात उभा कापूस आणि सुमारे दहा हजार गुलाम. हा कापूस लांब आणि रेशमासारख्या धाग्याचा. बाजारात त्याला नाव होतं आणि दाम होता. वर्षभराने याच माणसांतून पलटण उभी करायचं ठरलं आणि तिथले लष्करी गव्हर्नर रूफस सॅक्स्टन यांनी हिगिन्सनला बोलावलं. पूर्वाश्रमीच्या गुलामांची, सरकारने रीतसर उभी केलेली ही पहिली पलटण. पहिली दक्षिण कॅरोलायना. हिगिन्सन तेव्हा अडतीस वर्षांचा, घरी बायको कायमची आजारी. तो आला आणि एका मळ्यावर, ओकच्या झाडांखाली त्याने तंबू ठोकला. झाडांवरून राखाडी शेवाळाचे झुबके लोंबायचे. शिपायांना लाल विजारी दिल्या होत्या. गोऱ्या शिपायांहून वेगळ्या दिसतात म्हणून त्या कुणालाच आवडत नव्हत्या.

१ जानेवारी १८६३ ला तिथे गुलाममुक्तीचा जाहीरनामा वाचला गेला. आदल्या रात्री दहा बैल भाजायला ठेवले होते, पिंपांत काकवी, आलं आणि व्हिनेगर घालून पाणी कालवलं होतं. जाहीरनामा वाचणारा विल्यम ब्रिस्बेन हा त्याच प्रांतातला जुना मळेवाला, स्वतःचे गुलाम स्वतः मोकळे केलेला. नंतर पलटणीला निशाण दिलं. हिगिन्सनने ते हातात घेतलं, आता तो बोलणार, एवढ्यात समोरच्या गर्दीतून एका म्हाताऱ्याचा फाटका आवाज उठला आणि त्यात दोन बायांचे आवाज मिसळले. कुणी सांगितलेलं नव्हतं. 'माझा देश' अशी सुरुवात असलेलं ते गीत गोरी माणसं समारंभात म्हणत असत. काळ्या माणसांना तोवर ते म्हणायचं कारणच नव्हतं. व्यासपीठावरच्या गोऱ्या पाहुण्यांनी त्यात सूर मिसळायला सुरुवात केली तेव्हा हिगिन्सनने त्यांना हाताने गप्प केलं. तो जन्मभर व्यासपीठावरून बोलत आलेला. त्या दिवशी त्याने निशाण धरून नुसतं ऐकलं, आणि दुसऱ्यांनाही ऐकायला लावलं. सबंध पुस्तकात मला हीच जागा सर्वांत जास्त आवडते.

ऐकणं त्याला पुढेही सुटलं नाही. रात्री शेकोटीभोवती शिपाई रिंगण धरून पाय आपटत, टाळ्या देत गाणी म्हणायचे. हा अंधारात जवळ उभा राहायचा आणि कुणाला दिसू नये म्हणून खिशातल्या खिशात हात घालून, न बघता शब्द टिपून घ्यायचा. तंबूत जाऊन ते उजेडात लावायचा. एखादा शब्द अडला तर आपल्या एका शिपायाला विचारायचा. अशी तीसेक गाणी त्याने १८६७ साली एका मासिकात छापली. कबरीत हात पसरून निजेन, असं एका गाण्यात आहे. विश्रांतीची इतकी आर्त ओढ माणसाने कधी बोलून दाखवली नसेल, असं त्या ओळीबद्दल त्याला वाटलं. दिवसभर वाकून वेचणाऱ्या माणसाला हात पसरून पडणं म्हणजे काय, हे मला आमच्या वावरातल्या बाया डबा खाऊन धुऱ्यावर आडव्या होतात तेव्हा दिसतं. घटकाभरच, पण हात अगदी दोन्हीकडे टाकलेले.

जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्यामधल्या सेंट मेरीज नदीवर पलटण गेली तो प्रसंग तर मी दोनदा वाचला. वाटाड्या होता कॉर्पोरल रॉबर्ट सटन. याच नदीकाठी तो गुलाम होता आणि इथूनच पळालेला. नदीचं प्रत्येक वळण त्याला पाठ. मळ्यावर पोचल्यावर हिगिन्सन मालकिणीला भेटायला गेला, सटनला सोबत नेलं, आणि अदबीने विचारलं की बाईसाहेब, कॉर्पोरल रॉबर्ट सटन यांना आपण ओळखता का? तिने पाहिलं आणि म्हणाली, आम्ही याला बॉब म्हणायचो. सटन शांत उभा होता. मग त्यानेच हिगिन्सनला मळ्यातला तुरुंग दाखवला. जमिनीला ठोकलेली साखळी, पाय अडकवायचे खोडे. दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं म्हणे. हे वाचून मला आमच्या घरातला एक सालदार आठवला. साठी उलटली होती तरी आम्ही पोरं त्याला एकेरी, अर्ध्या नावाने हाक मारायचो. त्याचं पूर्ण नाव मला तो वारल्यावर कळलं.

हिगिन्सनचं सगळंच मला पटतं असं नाही. आपल्या शिपायांवर त्याचं प्रेम होतं, त्यांच्या धाडसाबद्दल तो गोऱ्या वाचकांशी भांडला, पण वारंवार त्यांना लेकरांसारखे निर्मळ, भाबडे ठरवतो. वाचताना अंग आक्रसतं. भाबडी माणसं नावेतून पळून, दलदलीत लपून, पलटणीत येत नाहीत. आणि युद्धानंतर, १८७७ साली दक्षिणेतून केंद्राची फौज काढून घेतली गेली तेव्हा या माणसाने ते मान्य केलं. वर्षभराने जुन्या जागा बघायला गेला आणि बरं चाललंय असं लिहून परतला. पुढे तिथे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तुळईच्या पुढच्या टोकाला असलेला माणूसही दमतो, किंवा झालं तेवढं पुरे असं त्याला वाटू लागतं. मी त्याला माफ करावं असं काही नाही. पण हे लक्षात ठेवून वाचावं लागतं.

त्या रात्री मात्र मी पुस्तकाच्या अगदी शेवटी पोचले होते. गोष्ट संपल्यावर परिशिष्टं असतात तिथे. मूळ पुस्तक १८७० चं. पाद्री, कर्नल, गाणी, नदी हे सगळं संपवून त्याने शेवटी पगाराचा हिशेब छापला आहे.

हिशेब असा. भरती करताना युद्धखात्याने लेखी शब्द दिला होता की या शिपायांना गोऱ्यांइतकाच पगार मिळेल. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. पलटणीचा पगार वाटणारा अधिकारी भला होता, त्याने पाच महिने १३ प्रमाणे दिले. मग वरून हुकूम आला: १० द्या. त्यातून कपड्यांचे ३ कापा. हातात ७. पगार मजुराचा. पण हरवलेल्या सामानाची कपात मात्र पुऱ्या शिपायाची. वऱ्हाडात, खानदेशात ज्याने बाजार समितीत कापूस नेलाय त्याला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे याला कडता म्हणतात. ओल आहे म्हणून, माती आहे म्हणून, रिवाज आहे म्हणून. आमचे काका व्यापाऱ्याच्या कडत्याबद्दल जन्मभर तळतळले आहेत. घरी येऊन ताटावर बसून शिव्या घालताना मी त्यांना लहानपणापासून ऐकलं आहे. आणि तेच संध्याकाळी बाभळीखाली एकवीस म्हणाले.

आणि इथे मी पुस्तक मिटून छातीवर ठेवलं. कारण पुढे लिहिलं होतं की पलटणीतल्या चांगल्यातल्या चांगल्या शिपायांनी ते ७ डॉलर घ्यायला नकार दिला. त्यांनी कर्नलला सांगितलं की आमची शिपाईगिरी आम्ही सरकारला फुकट देऊ, पण सात डॉलर घेऊन स्वतःला इतकं हलकं करून घेणार नाही. घरी बायकापोरं उपाशी, आणि फसवले जाल म्हणून भरती न झालेले लोक वरून टोमणे मारतायत. तरी नाही. शेजारच्या तिसऱ्या दक्षिण कॅरोलायना पलटणीत सार्जंट विल्यम वॉकरने आपल्या तुकडीला कॅप्टनच्या तंबूपुढे बंदुका रचून ठेवायला लावल्या: सरकारने करार मोडला, तर आम्हीही मोकळे. त्याच्यावर बंडाचा खटला झाला आणि १८६४ च्या फेब्रुवारीत त्याला गोळ्या घातल्या.

मला सगळ्या दिवसाचं काही कळलं नव्हतं, ते तिथे कळलं. मावशींनी पन्नास रुपये का परत केले, ते.

हिगिन्सनने काय केलं? त्याने पत्रं लिहिली. वर्तमानपत्रांना, सिनेटरांना, पुन्हा वर्तमानपत्रांना. १८६३ च्या उन्हाळ्यात एडिस्टो नदीवर तोफगोळा अंगावरून गेल्यासारखा गेला, कातडी फुटली नाही पण आतून मार बसला. त्यातून आणि हिवतापातून तो नीट उठला नाही आणि १८६४ च्या मे महिन्यात त्याने छावणी सोडली. पत्रं सुटली नाहीत. १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसने कायदा केला. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सगळ्यांना सारखा पगार. पण त्याआधीची थकबाकी फक्त त्यांनाच, जे १९ एप्रिल १८६१ रोजी, युद्ध पेटलं तेव्हा, स्वतंत्र होते. म्हणजे त्याच्या पलटणीत कुणालाच नाही. तू गुलाम होतास, म्हणून तुझी मजुरी बुडाली. हिगिन्सनच्या त्या वेळच्या पत्रांतला संताप दीडशे वर्षांनंतरही वाचवत नाही. त्याने पुन्हा लिहायला घेतलं. भरतीच्या वेळचं ते सरकारी पत्र काढून त्याने पुन्हा पुन्हा पुढे केलं: हा शब्द, ही तारीख, ही सही. शेवटी १८६५ च्या मार्चमध्ये, युद्ध महिन्याभरात संपणार असताना, ज्या पलटणींना असा शब्द दिला होता त्यांना भरतीच्या दिवसापासूनचा पूर्ण पगार मंजूर झाला. या खटपटीचं मोठं श्रेय त्याने स्वतः न घेता आपल्या पलटणीतल्या कारकुनी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला दिलं आहे.

तुळईची रात्र मला दुरून तरी समजते. रक्त तापलेलं असतं, बरोबर माणसं असतात. पण महिन्याला सहा डॉलरसाठी वर्ष-दीड वर्ष तेच तेच पत्र लिहिणं, कंटाळलेल्या लोकांना तोच आकडा पुन्हा ऐकवणं, ते माझ्या फार जवळ येतं आणि म्हणून टोचतं. मला तर एकदाच एक आकडा म्हणायचा होता. साडेतेवीस.

आणि ज्यांचा आकडा कुठल्याच वहीत नव्हता त्याही होत्या. सूझी किंग टेलर चौदा वर्षांची असताना या पलटणीबरोबर आली. नाव धोबिणीचं, काम शिपायांना लिहावाचायला शिकवायचं, जखमी झाले की शुश्रूषा करायची, बंदुका साफ करायच्या. तिचा नवरा त्याच पलटणीत सार्जंट. चार वर्षांहून जास्त काळ राबले आणि एक डॉलरही मिळाला नाही, असं तिने १९०२ साली स्वतःच्या आठवणींत लिहिलं. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या हिगिन्सनचं पत्र आहे.

आपला या सगळ्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक, महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे निरपेक्षपणे केलं त्याबद्दल. शाळेत असताना मला वाटायचं, एवढ्या लांबच्या माणसांना कशाला? आता त्या लोकांत मला हनुवटीवर व्रण असलेला एक चेहरा दिसतो, आणि अंधारात गाणाऱ्यांचे, सात डॉलर नाकारणाऱ्यांचेही. दुसरा संबंध कापसाचा. दक्षिणेची बंदरं बंद पडली तेव्हा विलायतेतल्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि भाव चढला तो मुंबईला. १८६१ ते १८६५ मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजार वेडावला, युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्याच सुमाराला आगगाडी वऱ्हाडात पोचली. आमच्या घरात ज्वारी मागे पडून पऱ्हाटी वाढली ती गाडी आल्यावर, असं आजोबा सांगायचे. पोर्ट रॉयलच्या बेटांवर माणसं कापूस सोडून बंदूक घेत होती तेव्हा त्यांच्या कापसाची जागा आमच्या काळ्या मातीतला कापूस घेत होता. तो कुणी वेचला, काय मोबदल्यात, याची वही आमच्या घरात नाही. असती तरी त्यात एकवीसच लिहिलेले असते.

संक्रांतीनंतर मी पुन्हा गेले. एरवी या दिवसांत मी कधी जात नाही. आईला वाटलं काही बिनसलंय. शेवटची वेचणी होती, कापूस थोडा, पिवळट, बोंडं अर्धी उघडलेली. नऊच बाया होत्या. त्या मावशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून ओळखीचं मानेने केलं, बाकी काही नाही. साडेपाचला काटा बाभळीला टांगला. मी या वेळी काकांच्या मागे उभी न राहता काट्यापाशी गेले. मावशींनी गाठोडं लावलं. काटा खाली गेला, थरथरला. मी थांबले तो पूर्ण स्थिर होईपर्यंत. मग म्हणाले, "साडेचौदा."

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा आला. बाया बोलायच्या थांबल्या. काकांनी वर पाहिलं नाही. त्यांचं पेन वहीवर तसंच होतं.

"दव—" ते म्हणाले आणि थांबले.

"साडेचौदा, काका."

त्यांनी काहीतरी लिहिलं. काट्यापाशी उभं राहून ते दिसत नव्हतं. मावशींनी गाठोडं उतरवलं, डोक्यावर घेतलं नाही, तिथेच पायाशी ठेवलं आणि उभ्या राहिल्या. मी वहीत बघायला बाजेकडे गेले.